कुत्र्यानें भलतेंच कांहीं गिळलें तर



नामदेवरायांची एक कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. कुत्र्यानें भाकर उचलून पळ काढला, आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले; कोरडी भाकर त्याच्या घशाला लागूं नये, एवढीच त्यांची काळजी. भक्तीच्या दृष्टीनें ही कथा थोर आहे आणि ती तशीच राहावी. पण कुत्र्याच्या तोंडांत भाकरीऐवजीं गोणी शिवण्याची दाभण असेल, सुतळीचा गुंता असेल किंवा मुलाच्या खेळण्याचें चाक असेल, तर त्याच्यामागें धांवणें हा सर्वांत वाईट उपाय होय. पाठलाग सुरू झाला कीं कुत्र्याला एवढेंच कळतें कीं तोंडांतली वस्तु मोलाची आहे आणि ती कोणी हिरावून नेणार आहे. ती लपविण्याची त्याच्याजवळ एकच जागा असते, ती म्हणजे पोट. जी वस्तु त्यानें घटकाभर चघळून टाकून दिली असती, ती तो घाईनें गिळून मोकळा होतो. अशा वेळीं जागच्या जागीं उभें राहून भाकरीचा तुकडा दाखवावा, त्याला जवळ बोलवावें आणि सौदा करावा. बाजारपेठेच्या गांवाला सौदा शिकविण्याची गरज नसावी.

लासूर स्टेशन हें असेंच बाजारपेठेचें गांव. गंगापूर तालुक्यांतील ही पेठ मनमाडहून छत्रपति संभाजीनगरास जाणाऱ्या लोहमार्गावर वसली आहे. कांदा, मका, कापूस ह्यांची येथें मोठी उलाढाल चालते. जेथें गोण्या शिवतात तेथें सुतळीचे तुकडे पडतात. जेथें मका सोलतात तेथें दाणे काढलेल्या कणसांचे ढीग लागतात. जेथें बाजार भरतो तेथें संध्याकाळीं रश्श्याचा वास लागलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वाऱ्यावर फिरत राहतात. अशा पिशव्यांवर महाराष्ट्रांत २०१८ सालीं बंदी आली. पण कुत्रा कायदा वाचीत नाहीं, तो वास वाचतो. पेठेंतला मोकाट कुत्रा असो कीं शेतवस्तीवरचा राखणीचा कुत्रा असो, दोघांनाहि हा सारा पसारा मोकळाच असतो.

शेतकऱ्याला ही आपत्ति अगदींच अपरिचित नाहीं. गाय कडब्याबरोबर खिळा किंवा तारेचा तुकडा गिळते. तो तिच्या जाळीसारख्या दुसऱ्या पोटांत जाऊन पडतो, आणि तें पोट हृदयाच्या अगदीं जवळ असल्यामुळें कधीं कधीं तेथून पुढें सरकून हृदयाच्या वेष्टनांत घुसतो. गाय ओठांनीं निवडीत नाहीं, जिभेनें ओढून घेते, म्हणून असें घडतें. कुत्र्याचें कारण निराळें आहे. त्याला हात नाहींत. नवी वस्तु चांचपून पाहावयाची तर ती तोंडांतच धरावी लागते. शिवाय त्याचे दांत फाडण्यासाठीं आहेत, सावकाश रवंथ करण्यासाठीं नव्हेत. घशांतून उतरेल एवढा तुकडा झाला कीं तो गिळतो. पिल्लें आणि ऐन उमेदींतले कुत्रे ह्यांत अधिक सांपडतात. कुत्र्याची अन्ननलिका बरीच ताणली जाते. पण जठराचें खालचें तोंड आणि त्यापुढचें लहान आंतडें तितकें ताणत नाहीं. म्हणून जें घशाखालीं उतरलें तें खालच्या वाटेनें बाहेर येईलच, असा भरंवसा धरतां येत नाहीं.

समजा, पेठेमागच्या एका घरीं भाद्रपदांत आजी चुलीवर मक्याचीं कणसें भाजीत बसली आहे. दहा वर्षांच्या नातवानें दाणे खाऊन उरलेला तुकडा कुत्र्याकडे फेंकला आणि कुत्र्यानें तो एका दमांत गिळला. त्याला असलें कांहीं घालूं नकोस, असें आजीनें बजाविलेलें होतें. म्हणून मुलगा गप्प राहिला. त्या दिवशीं कांहींच झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं कुत्रा नेहमींसारखाच वावरला. तिसऱ्या दिवशीं त्यानें भाकरीला तोंड लावलें नाहीं, दोनदां ओकला, आणि कोपऱ्यांत जाऊन पडला. मग घरांत जो तो आपापलें निदान सांगूं लागला. कोणी म्हणालें, भाद्रपदाचें ऊन लागलें; कोणी म्हणालें, शिळें खाल्लें; कोणी शेजाऱ्यावर संशय घेतला. खरें काय तें एकट्या मुलाला ठाऊक आहे, आणि त्यालाच कोणी विचारीत नाहीं. हें घर कल्पनेंतलें आहे, पण अशीं घरें पशुवैद्यांना अनोळखी नाहींत.

ह्या घराकडे पुन्हा यावयाचें आहे. तत्पूर्वीं जी गोष्ट तिसऱ्या दिवसाची नव्हे तर तिसऱ्या मिनिटाची आहे, ती सांगितली पाहिजे.

कुत्र्यानें कांहीं गिळलें असें दिसतांच प्रथम एकच पाहावें: श्वास चालतो आहे कीं नाहीं. वस्तु श्वासनलिकेच्या तोंडाशीं अडकली असेल तर कुत्रा पंजांनीं तोंड ओरबाडतो, घुसमटतो, जीभ निळसर पडते आणि थोड्याच वेळांत तो कोसळतो. तेथें दवाखान्याची वाट पाहण्याला अवधि नसतो. दोन माणसें असावींत. एकानें जबडा उघडून धरावा, दुसऱ्यानें उजेडांत आंत पाहावें. वस्तु दिसत असेल आणि बोटांच्या पकडींत येत असेल तरच काढावी; न दिसणाऱ्या वस्तूसाठीं बोटें खुपसलीं तर ती आणखी आंत ढकलली जाते. लहान कुत्र्याला मागच्या पायांनीं उचलून डोकें खालीं करावें. मोठ्या कुत्र्याच्या मागें उभें राहून, बरगड्या संपतात त्याच्या लगेच खालीं मूठ ठेवून, वर आणि पुढच्या दिशेनें चारपांच वेळां जोराचा दाब द्यावा. वस्तु बाहेर पडली आणि कुत्रा उभा राहिला, तरीहि त्याला डॉक्टरांना दाखवावें. आंत इजा झालेली असूं शकते.

आणि येथेंच एक मोठा धोका आहे, तो कुत्र्याचा नसून माणसाचा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा घसा आणि जबडा लुळा पडतो, त्याला गिळतां येत नाहीं, लाळ गळत राहते, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला वाटतें, ह्याच्या घशांत हाड अडकलें आहे. आणि तो दयाबुद्धीनें हात तोंडांत घालतो. अशा दयेनें माणसें दगावलीं आहेत, कारण हा रोग एकदां अंगांत प्रकट झाला कीं त्यावर खात्रीचा इलाज आजहि नाहीं. म्हणून ज्या कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली नाहीं, ज्यानें कांहीं गिळल्याचें कोणी पाहिलेलें नाहीं, आणि ज्याच्या तोंडांतून लाळ गळते आहे, त्याच्या तोंडांत हात घालूं नये, मग तो घरचा कां असेना. लाळ जखमेला लागली किंवा दांत लागला, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. पाश्चरनें १८८५ सालीं ही लस प्रथम माणसाला टोचली. आज ती सरकारी रुग्णालयांतून मिळते.

श्वास ठीक चालला असेल, तर मग धांदल न करतां तीन प्रश्न विचारावे: काय गिळलें, केव्हां गिळलें, किती गिळलें. ह्यांतला "केव्हां" पुष्कळांना बिनमहत्त्वाचा वाटतो. वास्तविक सारा उपचार त्यावर फिरतो. पहिल्या दोनएक तासांत वस्तु बहुधा जठरांत असते. ती मऊ किंवा गुळगुळीत असेल तर डॉक्टर इंजेक्शन देऊन वांती करवूं शकतात. सोय असेल तेथें दुर्बीण घशावाटे घालून चिमट्यानें ती काढतां येते. वस्तु एकदां आंतड्यांत उतरली कीं हीं दोन्ही दारें बंद होतात. "काय" ह्या प्रश्नाचें उत्तर तोंडीं देण्यापेक्षां हातांत न्यावें. खेळणें फुटलें असेल तर उरलेला भाग, मोज्यांचा जोड असेल तर दुसरा मोजा, औषधाची पट्टी असेल तर तीच पट्टी बरोबर न्यावी.

आणि हे प्रश्न घरांतल्या लहान मुलांना आधीं विचारावे. कुत्र्याच्या उंचीवर घरांत जें चालतें, तें मुलांनाच दिसतें. मोठ्यांच्या आवाजांत दरडावणी असली तर मूल "मला माहीत नाहीं" म्हणतें, आणि त्या तीन शब्दांत कुत्र्याचे दोन दिवस जातात. त्या कल्पनेंतल्या घरीं आईनें मुलाला बाजूला घेऊन एवढेंच म्हटलें असतें, "बाळ, तूं त्याला काय दिलेंस तें सांग, तुला कोणी रागावणार नाहीं," तर पहिल्याच दिवशीं सारें उलगडलें असतें. अट एकच, रागावणार नाहीं म्हटलें तर खरोखरच रागावूं नये. एकदां फसलेलें मूल दुसऱ्यांदा साक्ष देत नाहीं, हा शाळांचा जुना अनुभव आहे.

ह्या साक्षीचें मोल केवढें तें क्ष-किरणांवरून कळतें. राँटगेननें १८९५ सालीं हे किरण शोधून काढल्यापासून, पोटांतली वस्तु आतां दिसणारच, अशी एक समजूत रूढ झाली आहे. धातु दिसतो, दगड दिसतो, बहुतेक हाड दिसतें. पण चिंधी, प्लॅस्टिकची पिशवी, लाकडाचा तुकडा आणि मक्याचें कणीस हीं सहसा स्पष्ट दिसत नाहींत. फुगलेल्या आंतड्यावरून किंवा ध्वनिलहरींच्या तपासणीवरून डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. "ह्यानें तीन दिवसांपूर्वीं कणीस गिळलें आहे" असें एक वाक्य हातीं असेल तर त्यांना कोठें आणि काय पाहावयाचें तें ठाऊक असतें. दहा वर्षांचा मुलगा यंत्राला न दिसणारी गोष्ट सांगूं शकतो.

आतां घरगुती उपायांविषयीं. आपल्याकडे ह्या बाबतींत हात फार लवकर चालतात. कोणी मिठाचें पाणी पाजून ओकवितो, कोणी एरंडेल घालतो, कोणी तूप ओततो. मिठाचें पाणी कुत्र्याच्या रक्तांतलें क्षाराचें प्रमाण इतकें वाढवूं शकतें कीं झटके येऊन तो मरावा. गिळलेल्या वस्तूनें जें झालें नसतें तें उपायानें होतें. बळजबरीनें ओतलेलें तेल किंवा तूप फुप्फुसांत उतरतें. आणि टोंकदार वस्तु असतां वांती करविणें म्हणजे जी सुई एकदां सुखरूप खालीं गेली तिला तीच वाट उलट करावयास लावणें होय. फार फुगणारें, जाळणारें किंवा गुंतणारें जें असेल त्यालाहि हाच नियम. वांती करवावी कीं न करवावी हा निर्णय डॉक्टरांचा. घरच्यांनीं तो दूरध्वनीवर विचारून घ्यावा, स्वतः करूं नये.

येथें कोणी सुश्रुताचा दाखला देईल. दाखला खरा आहे. शरीरांत शिरलेल्या परक्या वस्तूला आपल्या शास्त्रांत शल्य म्हणतात, आणि शल्यतंत्र हें नांव त्यावरूनच पडलें. घशांत आडव्या अडकलेल्या हाडावर सुश्रुतसंहितेंत एक युक्ति सांगितली आहे: केसांची गुंडाळी बळकट दोऱ्याला बांधावी, पातळ अन्नाबरोबर ती रोग्याला गिळावयास द्यावी, मग वांती करवावी, आणि गुंडाळींत शल्य अडकलें असें जाणवतांच दोरा ओढून घ्यावा. युक्ति मोठी चतुर आहे. पण ती शिकलेल्या वैद्यासाठीं, आणि सांगितलेलें ऐकणाऱ्या माणसासाठीं आहे. घाबरलेल्या कुत्र्यासाठीं आणि चुलीजवळच्या मंडळींसाठीं ती नव्हे. शिवाय हा दाखला देणारे त्याच ग्रंथांतला आधींचा अध्याय बहुधा विसरतात. शल्य काढावें कसें हें सांगण्यापूर्वीं सुश्रुतानें एक अध्याय, हरवलेलें शल्य ओळखावें कसें, ह्यालाच दिला आहे. काढण्याआधीं ओळखणें, हा क्रम दोन हजार वर्षांत बदललेला नाहीं.

गिळलेल्या वस्तूंत सर्वांत कपटी वस्तु म्हणजे दोरा. सुतळी, मांजा, गोधडीचा दोरा, फाटक्या लुगड्याची चिंधी, हीं इतकीं मऊ असतात कीं कोणाला भीति वाटत नाहीं. पण दोऱ्याचें एक टोंक कोठें तरी अडकतें. कुत्र्यांत बहुधा जठराच्या खालच्या तोंडाशीं, कधीं जिभेखालीं. उरलेला दोरा आंतड्यांत पुढें जातो. आंतडें त्याला पुढें ढकलूं पाहतें, दोरा जात नाहीं, आणि मग आंतडेंच त्या दोऱ्यावर गोळा होऊं लागतें. चंचीची दोरी ओढली म्हणजे तिचें तोंड जसें चुण्या पडून मिटतें, तसें आंत होतें. ताणलेला दोरा त्या चुण्यांवर करवतीसारखा घासत राहतो आणि एके ठिकाणीं नव्हे, अनेक ठिकाणीं आंतडें कापतो. म्हणून तोंडांतून किंवा गुदद्वारांतून दोरा लोंबतांना दिसला तर तो ओढूं नये. हात शिवशिवतात हें खरें. तरीहि ओढूं नये. दुसरें टोंक कोठें बांधलेलें आहे तें बाहेरून दिसत नाहीं. दोऱ्याला सुई असेल तर बोलावयासच नको. मासे धरण्याचा गळ गिळला असेल तर त्याची दोरीहि अशीच राहूं द्यावी.

दुसरी जात अडणाऱ्या वस्तूंची: कणसाचा तुकडा, आंब्याची कोय, नारळाच्या करवंटीचा तुकडा, मोठें हाड. कणीस पचत नाहीं आणि विरघळतहि नाहीं. कधीं तें जठरांत कित्येक दिवस स्वस्थ पडून राहतें आणि एके दिवशीं खालच्या तोंडांतून निसटून लहान आंतड्यांत अडकतें. म्हणून तर आपल्या त्या घरीं दोन दिवस कोणाला कांहीं कळलें नाहीं. शिजविलेलें हाड कच्च्या हाडापेक्षां अधिक वाईट, कारण शिजल्यानें तें ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. मटण खाऊन उरलेलीं हाडें कुत्र्याला घालणें ही आपल्याकडे भूतदया मानली जाते. तिचें दुसरें अंग दवाखान्यांत दिसतें. हाड पुष्कळदां पोटांत पोंचतच नाहीं. अन्ननलिका जेथें छातींत शिरते, जेथें हृदयाच्या वरून जाते आणि जेथें उदरपटलाला भेटते, अशा तीन अरुंद जागीं तें ठाण मांडतें. कुत्रा मान लांब करतो, तारेसारखी लाळ गाळतो, प्यालेलें पाणी लगेच बाहेर टाकतो. श्वास चालतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण हाडाच्या दाबानें अन्ननलिकेची भिंत मरूं लागते. हें त्याच दिवशीं निघालें पाहिजे.

कांहीं वस्तूंचा धोका आकारावरून कळत नाहीं. मनगटी घड्याळांतल्या किंवा खेळण्यांतल्या चपट्या गोल बॅटऱ्या घशांत अडकल्या तर तासाभरांत भाजून काढूं लागतात. दोन लोहचुंबक निरनिराळ्या वेळीं गिळले गेले तर आंतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना धरतात आणि मधली भिंत मारतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या चकत्या पोटांतल्या आम्लांत विरघळून रक्तांतल्या तांबड्या पेशी फोडतात. ह्या तिहींत वाट पाहण्याला जागाच नाहीं.

वाट पाहण्याला जागा कोठें आहे? वस्तु लहान, गुळगुळीत, गोलसर आणि निरुपद्रवी असेल, उदाहरणार्थ चिंचोका किंवा लहान गोटी, कुत्रा मोठा असेल, खातपीत असेल, आणि डॉक्टरांनीं तसें सांगितलें असेल, तर दोनतीन दिवस थांबतां येतें. पण वाट पाहणें म्हणजे विसरून जाणें नव्हे. कुत्र्याला बांधून ठेवावें, नाहीं तर त्याची विष्ठा कोणाला दिसणार? ती प्रत्येक वेळीं काडीनें पसरून पाहावी. काम घाणेरडें आहे, पण वस्तु बाहेर पडल्याचा पुरावा दुसरा नाहीं. आणि ह्या काळांत पुन्हापुन्हा वांती, पाणीहि न टिकणें, शौचास न होणें किंवा नुसतें कुंथणें, पोटाला हात लावतांच कण्हणें, ह्यांतलें एकहि दिसलें तर थांबणें संपलें. पोट दुखणारा कुत्रा पुष्कळदां पुढचे पाय जमिनीला टेंकून मागचा भाग उंच धरतो. पाहणाऱ्याला वाटतें तो नमस्कार करतो आहे किंवा आळस देतो आहे. हिरडी बोटानें दाबून सोडली असतां दोन सेकंदांत तिचा गुलाबी रंग परत आला पाहिजे. हिरडी पांढुरकी दिसली किंवा रंग परतावयास वेळ लागला, तर रात्र उजाडण्याची वाट पाहूं नये.

न्यावयाचें कोठें, हा प्रश्न लासूर स्टेशनसारख्या गांवीं खरा अवघड. खेड्यापाड्यांतले पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुरांसाठीं उभे राहिले. त्यांतहि श्रेणी एकच्या दवाखान्यांत पदवीधर पशुवैद्य असतो आणि श्रेणी दोनच्या दवाखान्यांत बहुधा पशुधन पर्यवेक्षक असतो. तेथें शिरेवाटे सलाईन, वेदनेवर औषध आणि मुख्य म्हणजे जाणत्याचा सल्ला मिळूं शकतो. पोट उघडण्याची शस्त्रक्रिया बहुधा नाहीं. सरकारचा जनावरांसाठीं १९६२ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक आहे. तो मुळांत पशुधनासाठीं आहे, तरी विचारण्यास हरकत नसावी. क्ष-किरण आणि शस्त्रक्रिया ह्यांसाठीं छत्रपति संभाजीनगर गांठणें भाग आहे. मराठवाड्यांत परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण आंतड्याला पीळ पडलेला कुत्रा घेऊन तेवढी वाट तुडविणें नेहमींच साधणार नाहीं. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं परळला निघालें आणि तेथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आधारानें वाढलें. दीडशें वर्षें होत आलीं, पण तसलें रुग्णालय तालुक्यांच्या गांवांपर्यंत अजून पोंचलें नाहीं, हें खेदानें म्हणावें लागतें.

निघण्यापूर्वीं दूरध्वनि करून शस्त्रक्रिया होते कीं नाहीं तें विचारावें. बंद दारापुढें उभें राहण्यांत तास जातो. रेल्वे दाराशीं आहे म्हणून तिच्यावर विसंबूं नये, कारण साध्या डब्यांत कुत्रा नेऊं देत नाहींत. तो गार्डाच्या डब्यांतल्या पेटींतून किंवा पहिल्या वर्गाचा संपूर्ण खण घेऊन न्यावा लागतो. त्यापेक्षां ओळखीच्या माणसाची जीप किंवा टेंपो बरा. वाटेंत अन्न देऊं नये. भूल द्यावी लागली तर रिकामें पोटच हवें. दुखणारा कुत्रा धन्यालाहि चावतो, म्हणून त्याला जाड चादरींत गुंडाळावें. परंतु ओकत असेल तर तोंड बांधूं नये, नाहींतर ओकारी फुप्फुसांत जाईल. आणि ज्या मुलानें पाहिलें त्याला बरोबर न्यावें.

त्या घरच्यांनीं तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं कुत्रा नेला असें धरलें, तर पुढें काय होईल? आधीं शिरेवाटे पाणी आणि क्षार भरून घेतात, कारण ओकून ओकून तो शुष्क झालेला असतो. मग भूल देऊन पोट उघडतात. आंतडें अजून गुलाबी असेल तर छेद घेऊन कणीस काढतात आणि शिवतात. काळें पडलें असेल तर तेवढा भाग कापून दोन टोंकें जोडावीं लागतात. आंतडें फुटून घाण पोटांत पसरली असेल तर निष्णात हातांनाहि यश येईल असें सांगतां येत नाहीं. पहिल्या दिवशीं आणणारा आणि तिसऱ्या दिवशीं आणणारा ह्यांच्या कुत्र्यांत हाच फरक असतो. खर्चांतहि असतो, आणि शेतकऱ्याच्या घरीं तो मोजावाच लागतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काळजी संपली असें नाहीं. शिवलेलें आंतडें उसवण्याचा धोका तिसऱ्यापासून पांचव्या दिवसापर्यंत अधिक असतो. कुत्रा उठून शेंपूट हालवूं लागलेला असतो, घरचे आनंदांत असतात, आणि तेवढ्यांत ताप, वांती, मलूलपणा परत येतो. असें दिसलें तर त्याच क्षणीं परत न्यावें. डॉक्टर सांगतील तेव्हां, सांगतील तेवढेंच मऊ आणि थोडें थोडें अन्न द्यावें. आजी प्रेमानें दुधांत भाकर कुस्करून पुढें ठेवील. तिला तेवढे दिवस आवरावें लागेल. टांके चाटूं नयेत म्हणून गळ्यांत लावलेला घोळ काढूं नये. कुत्र्याजवळ बसण्याचें काम नातवाला द्यावें, तो तें मन लावून करील. आणि अंगणांतला कणसांचा ढीग त्या आधींच उचलून कुंपणाआड, सरपणाच्या खोलींत टाकावा. कारण एकदां कणीस गिळलेला कुत्रा, टांके ओले असले तरी, दुसऱ्या कणसाचा वास आल्यावर स्वस्थ बसत नाहीं.